चाकू हातात देऊ नये

ऐका, परवाची गंमत. माझ्या खिशात रोज घडीचा चाकू असतो, तुम्हाला माहीतच आहे. बावीस जमवलेत, रोज एकाला फिरायला नेतो. हिंदमाताला एका मोठ्या दुकानात शिरताना मशीन वाजलं आणि वॉचमनने अडवलं. मी खिशातून चाकू काढून उघडून दाखवला.

"काका, चाकू कशाला?"

"पेरू कापायला."

"इथे जमा करा. जाताना न्या."

मी चाकू मिटून टेबलावर ठेवला. तो हात पुढे करून म्हणाला, "हातात द्या ना!"

"हातात दिला की भांडण होतं रे. आमची ही नेहमी खालीच ठेवायला लावायची."

तो हसला. परत निघालो तेव्हा त्यानेच चाकू टेबलावर ठेवला. "घ्या काका, भांडण नको."

म्हटलं, "हातातच दे रे बाबा. ही गेल्यापासून घरात भांडायलासुद्धा कोणी नाही."