राहू दे, मी करतो

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कारखान्याचे मालक सन्माननीय विद्याधरसाहेब, व्यासपीठावरील पाहुणे, सत्कारमूर्ती आलोशियसकाका, रोझलिनकाकी आणि माझ्या सहकाऱ्यांनो,

शाल झाली, श्रीफळ झालं, सगळे गोड बोलले. मीही गोडच बोलणार होते. पण मन थाऱ्यावर नाही. काका आज निवृत्त होताहेत, सोमवारपासून मेंटेनन्सचा चार्ज माझ्याकडे, आणि खरं सांगू? मला झाकणांचं मोठं मशीन दुरुस्त करता येत नाही. यतीन, हसू नकोस, तुलाही येत नाही!

इतकी वर्षं काकांच्या हाताखाली काढली. झाकणांचं मशीन अडलं आणि मी पाना उचलला, की मागून आवाज यायचा, "राहू दे गं पोरी, मी करतो." किती मायेनं! आम्हाला इजा होऊ नये, साहेबांची बोलणी बसू नयेत, म्हणून. मग पाना त्यांच्या हातात आणि आमच्यासमोर त्यांची पाठ. पाठ बघून कोण शिकलंय?

काकांच्या शॅननच्या लग्नाच्या दिवशी मशीन बंद पडलं. काका पापडीच्या चर्चमधून सुटाबुटात आले, चालू करून परत गेले. तिकडे लेक दारात खोळंबली होती, इकडे आपण टाळ्या वाजवत होतो. साहेब अजून तो किस्सा कौतुकानं सांगतात. मला मात्र राग येतो. काकांचा नाही, आपला. काय बिघडलं होतं, हे एकानंही विचारलं नाही. माल जायची घाई! साहेब, चुकल्याशिवाय शिकता येत नाही, आणि चुकायला इथे सवड कधी होती?

परवा मशीन अडलं तेव्हा मी हट्टानं म्हटलं, "काका, आज तुम्ही हात लावायचा नाही." ते खुर्चीत बसले, उठले, पुन्हा बसले. माझी झाकणं वाकडी आली. पण आली! मी आनंदानं वळून पाहिलं, तर काकांचे डोळे भरलेले. म्हणाले, "तुम्हाला सगळं यायला लागलं, तर मला कोण बोलवणार गं?"

तेव्हा मी वाकडी झाकणं गोळा करत बसले. उत्तर आता सगळ्यांसमोर, जाता जाता देते.

बोलण्याची संधी दिलीत, आयोजकांचे आभार. आज बोलताना तोल गेला असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. सोमवारी मशीनवर हात चुकेल, तेही साहेबांनी घालावं. आणि काका, त्या दिवशी काहीही कानावर आलं तरी धावत येऊ नका. दुपारी या. डबा दोघांचा आणते.