तपासनिसाचा मुहूर्त

नाना : म्हणजे आता सगळं माझ्यावर आलं. शुक्रवारच्या उद्घाटनाचा मुहूर्त मी काढून दिला, आमंत्रणं गेली, आणि तू तुझ्या मालकांना, विश्वेशरावांना, सांगून आलीस की यंत्र होणार नाही.

आभा : यंत्र नाही, नाना, प्रोग्राम. आणि होणार नाही असं मी नाही म्हणाले. होऊच शकत नाही म्हणाले.

नाना : त्याने माझं ओझं कुठे कमी झालं? त्यांच्या आजोबांपासून ते आपले यजमान. अंबडच्या कंपनीची वास्तुशांत मी केली. तुला नोकरी लागली तीसुद्धा...

आभा : माझ्या मार्कांवर लागली.

नाना : बरं, मार्कांवर. पण अख्ख्या पंचवटीत मी सांगत फिरलोय, माझी मुलगी 'तपासनीस' करतेय म्हणून. कुठलाही प्रोग्राम द्या, चालवायच्या आधीच सांगणार, हा काम आटपून थांबेल की कायमचा अडकून बसेल. रामकुंडावर माणसं थांबवून विचारतात मला.

आभा : विश्वेशसरांनी जाहिरातच तशी केलीय. 'कुठलाही प्रोग्राम, शंभर टक्के खात्री.' खाली माझी सही हवीय. मी देणार नाही.

नाना : जमत नसेल तर वेळ मागून घे की. लाजायचं काय त्यात?

आभा : वेळेचा प्रश्नच नाही. बसा जरा. समजा, तुमच्याकडे एक हट्टी यजमान आला. विचारतो, 'उद्या मी पुण्याला जाणार की नाही, सांगा.' तुम्ही जाणार म्हणालात तर घरी बसायचं, नाही म्हणालात तर गाडी पकडायची, हे ठरवूनच आलाय.

नाना : असले येतात. मी उत्तर कागदावर लिहून पाकिटात बंद करीन. परवा उघडा म्हणेन.

आभा : पण त्याने तुमचं गणित शिकून घेतलंय. पंचांग तेच, रीत तीच. तुम्ही पाकिटात जे घालाल, ते तो घरी बसून मांडतो आणि बरोबर त्याच्या उलट वागतो.

नाना : मग मी रीत बदलीन.

आभा : तो नवी शिकेल. तपासनीस हाही शेवटी प्रोग्रामच. तो अख्खा पोटात घालून मी दुसरा प्रोग्राम लिहिते. हा दुसरा आधी तपासनिसाला स्वतःबद्दलच विचारतो. 'तू थांबशील' असं उत्तर आलं की चालतच राहतो. 'चालत राहशील' असं आलं की तिथेच थांबतो.

नाना : म्हणजे काहीही सांगितलं तरी तपासनीस तोंडावर पडणार.

आभा : हो.

नाना : आणि कोणी आणखी हुशार तपासनीस केला तर?

आभा : त्याला पोटात घालून त्याचाही उलटा करता येतो. कितीही मोठा कॉम्प्युटर आणा. हा शोध माझा नाही हं, जुना आहे. मी फक्त सगळ्यांसमोर फळ्यावर लिहून दाखवलं.

नाना : कोणी काही बोललं?

आभा : कोणालाच चूक सापडली नाही. मग ऑफिसातलेच मला बाजूला घेऊन म्हणाले, सरांना कशाला दुखवतेस, सही करून टाक.

(फोन वाजतो. नाना तो स्पीकरवर टाकतात.)

विश्वेश : गुरुजी, नमस्कार. आभाला जरा समजवा. मुंबईहून पाहुणे येतायत शुक्रवारी.

नाना : समजावतच होतो, विश्वेशराव. तिनेच मला समजावलं.

विश्वेश : अहो, ते पुस्तकातलं झालं. व्यवहारात बरेचसे प्रोग्राम तपासता येतातच की.

आभा : मग तेवढंच लिहा, सर. बरेचसे तपासतो, उरलेल्यांबद्दल 'सांगता येत नाही' म्हणतो. त्यावर आत्ता सही करते.

विश्वेश : 'सांगता येत नाही' म्हणणारा तपासनीस कोण घेईल?

आभा : कारखान्यांत मशिनं या प्रोग्रामवर चालतात, सर, आणि शेजारी माणसं उभी असतात. आपण छातीठोक 'थांबेल' म्हणालो आणि नाही थांबलं तर?

विश्वेश : ठीक आहे. सही नसेल तर सोमवारपासून येऊ नकोस. गुरुजी, माफ करा, माझाही नाइलाज आहे. तुम्ही मात्र शुक्रवारी या.

नाना : नाही येणार.

विश्वेश : मुहूर्त तुम्हीच काढलाय.

नाना : मुहूर्त चांगलाच आहे. पण ज्या कामाला माझ्या मुलीने फळ्यावर लिहून नाही म्हटलं, त्याचा संकल्प मी सांगणार नाही. दुसऱ्या कोणाला बोलवा. राग धरू नका.

विश्वेश : तुम्हाला ते गणित कळलं तरी का, गुरुजी?

नाना : कळलं. नसतं कळलं तरी आलो नसतो.

आभा : ...ठेवला त्यांनी फोन. नाना, माझी नोकरी गेली. तुमचं यजमानांचं घरही गेलं.

नाना : गेलं. आईला हाक मार.

आभा : आत्ताच सांगायचं? चिडेल ती.

नाना : चिडू दे. आधी तिला ते उलट्या प्रोग्रामचं सांग, अगदी पहिल्यापासून. मी इथेच बसतो ऐकत.