धसकटातली हॉकी

...नाही, पण मला सांगा, शेत कोणाचं? माझं! मरोळची वाडवडिलांची भातशेती, कागदावर नाव माझं, बॅप्टिस्टचं, आणि कापणी झाली रे झाली की त्यात हॉकी कोणाची? माझ्या मुलीची! मार्सेलिना, वय सतरा, सोबत गावातल्या चार पोरी, आणि रोज संध्याकाळी नडगी फोडून घरी. बायको माझी, पर्पेच्युआ, हळद लावत म्हणते कशी, "खेळू दे ना, कोणाचं काय खाते?" अगं, पण उद्या लंगड्या पोरीला पसंत कोण करणार? बापाने अडवायचं नाही तर काय करायचं?

म्हणून अडवलं. तुम्हाला सांगतो, पुढच्या साली भात मुद्दाम उंचावर कापलं, वीतभर धसकटं ठेवली, म्हटलं खेळ आता. चेंडू धसकटाला आपटून टणाटण उडायला लागला... तर ही उडता चेंडू काठीने दाबायला शिकली! मग मधोमध म्हैस बांधली. आमची म्हैस म्हणजे, फादरसुद्धा लांबून जातात. ही तिला वळसा घालून पलीकडे! मग मुळा लावायचा म्हणून चर खणले, मुळा लावलाच नाही, नुसते चर. ही चरांवरून उड्या मारत पसार, आणि दूध आटलं म्हशीचं! पण बापाने अडवायचं नाही तर काय करायचं?

चार वर्षांत पोरगी भारताच्या संघात. बोटीने परदेशी खेळून आली, तर म्हणते, तिथलं गवत फार गुळगुळीत, मजा नाही. बोला आता!

मग सत्तावन्न साली गोऱ्या पोरींचा संघ मुंबईत आला. तेव्हाच तिला कुर्ल्याचं एक स्थळ आलेलं, हट्टालाच पेटलेलं. ही मला म्हणाली, "पप्पा, हा शेवटचा सामना हरलो तर काठी ठेवते, कुर्ल्याला हो म्हणते." म्हणजे मी कोणाच्या बाजूने बसायचं, सांगा ना?

लग्नातला सूट घालून जाऊन बसलो. मैदानावर आदल्या दिवशी घोड्यांची परेड झालेली, जिथे तिथे खुरांचे खड्डे. चेंडू उडतोय, गोऱ्या पोरी बावचळल्यात, आपल्याही बावचळल्यात... आणि आमची? आमची घरच्यासारखी! एक-एक बरोबरी, दोन मिनिटं बाकी, उडता चेंडू दाबला, निघाली. समोर ही धिप्पाड बाई आडवी. आणि मी, कुर्ल्याचं स्थळ खिशात घेऊन आलेला बाप, बाकावर चढून काय ओरडलो असेन? "मार्सेलिना, म्हशीच्या डावीकडून घे!"

घेतलं. गोल! रडलो मी, हो, सूटच्या बाहीने डोळे पुसले, लपवायचं काय त्यात?

नंतर पेपरवाल्याने तिला विचारलं, शिकवलं कोणी? तिने बोट केलं माझ्याकडे, आणि धसकटं, म्हैस, चर, सगळं सांगून टाकलं. झालं! दुसऱ्या दिवशी पहाटे बांधावर चौदा पोरी, हातात काठ्या, आणि त्यातली सगळ्यात चिमुरडी मला विचारते, "अंकल, आज कुठे खणताय?"

काय करणार... उचलली कुदळ.