खुंटी कोणी हलवली

काकू, मंडळी,

माझ्या हातातला हा कागद मी घट्ट धरलाय, ते तुम्हाला दिसत असेल. दुःखानं, असं तुम्हाला वाटेल. दुःख आहेच. पण खरं सांगतो, मला भीती वाटतेय. काकू, तुमचे यजमान वामनराव फणसे जाऊन आज पंधरा दिवस झाले, आणि मला अजून त्यांची भीती वाटते.

इथे काही तरुण मंडळी आहेत, त्यांच्यासाठी सांगतो. वामनराव सरकारी लेखापरीक्षक. वर्षाचा हिशेब बंद झाला की उन्हाळ्यात ते महाडहून पोलादपूरला यायचे आणि आमच्या कचेरीचं दप्तर तपासायचे. आमची कचेरी रस्त्यांची आणि विहिरींची. मी तिथला कारकून. तेव्हाही होतो, आजही आहे.

ऑडिट आलं की आमच्याकडे तापाची साथ यायची. निम्मी कचेरी अंथरुणावर! एका शिपायाची आजी तर तीन ऑडिटांत तीनदा वारली. हसा काकू, हसलात तरी चालेल. हे ऐकून तेही हसायचे. त्या शिपायाला त्यांनी एकदा विचारलं होतं, "आजी बऱ्या आहेत ना?"

कागदावर त्यांचा विश्वास नसे. वहीत मोरी, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, लिहिलेली दिसली की म्हणायचे, "चला, दाखवा." आणि चालू लागायचे. वहाळावरची दगडी मोरी आली की तंबाखूच्या डबीतला चुना बोटावर घेऊन तिच्या दगडावर एक रेघ ओढायचे. एकच मोरी कोणी दोनदा दाखवू नये म्हणून. कुठेतरी कोणीतरी त्यांना तशी दाखवली असणार.

आता मी ज्यासाठी उभा आहे ते सांगतो. मध्येच थांबलो तर मला थांबू देऊ नका.

मुंबई राज्य होतं तेव्हाची गोष्ट. मी नोकरीला लागून वर्ष झालं होतं, नोकरी कच्ची होती. कुडपण गावच्या वाटेवर खाली एक वहाळ आहे. त्यावर नुसता लाकडी साकव होता. पावसाळ्यात आजारी माणसाला डोलीत घालून खाली आणायचं ते त्या साकवावरून. तिथे मोरी मंजूर झाली. ओव्हरसियर आले, मोरीची जागा दाखवणारी खुंटी साकवाजवळ ठोकून गेले. मजुरांची हजेरी घ्यायला मी, आणि काम करून घ्यायला धोंडू सकपाळ मुकादम.

त्या दुपारी एक वजनदार गृहस्थ आले. नाव घेणार नाही. माझ्या पापात वाटेकरी शोधायला मी उभा राहिलेलो नाही. त्यांचं शेत दीडशे पावलं वर होतं. मला म्हणाले, "खुंटी वर घे. तुझी नोकरी कच्ची आहे ना रे?" एवढंच म्हणाले. आवाजसुद्धा चढवला नाही.

मंडळी, मी खुंटी उपटली. मजूर जेवायला बसले होते. दीडशे पावलं वर गेलो आणि दगडानं ठोकली.

खुंटी दिसली तिथे धोंडूनं मोरी बांधली. पक्की बांधली, आजही एक दगड हललेला नाही. गृहस्थांची गाडी शेतात जाऊ लागली. मोरीपलीकडे त्यांचं कुंपण, म्हणून लोक मात्र साकवावरूनच. आणि वहीत लिहिलं गेलं, मोरी साकवाजवळ.

पुढच्या उन्हाळ्यात वामनराव आले. "चला, दाखवा." मी नकाशा घेऊन मागे निघालो. त्यांनी नकाशा उघडला, साकव बघितला, वर चालत गेले, मोरी बघितली. चुन्याची डबी काढली आणि तशीच परत खिशात ठेवली. म्हणाले, "ही मला मोजता येत नाही." मग विचारलं, "खुंटी कोणी हलवली?"

धोंडू म्हणाला, "सायब, खुंटी व्हती तितं मी बांधली. कोनी हलवली ता मला ठावं नाय." माझ्याकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. त्याला ठाऊक होतं का? मला वाटतं, होतं. हातोड्याऐवजी दगडानं ठोकलेल्या खुंटीचं डोकं कसं फुटतं ते मुकादमाला कळत नाही होय?

वामनरावांनी आक्षेप लिहिला. आक्षेपाला उत्तर द्यावंच लागतं. कचेरीनं सोपं उत्तर शोधलं. मुकादमाची चूक, मुकादमाला कामावरून कमी केलं. धोंडू गेला, आणि मी कायम झालो.

तुम्हाला वाटेल, प्रकरण मिटलं. छे! वामनरावांनी ते उत्तर घेतलंच नाही. 'खुलासा समाधानकारक नाही' असा शेरा मारून परत पाठवलं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा तेच. दर उन्हाळ्यात माझ्या टेबलाशी उभे राहून विचारायचे, "खुंटी कोणी हलवली?" एकदा मी चिडून म्हटलं, "तुम्हाला ठाऊक आहे तर लिहून टाका ना!" ते म्हणाले, "माझ्या कागदात मला काय ठाऊक आहे त्याला रकाना नाही हो. सांगणारा माणूस लागतो."

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझ्या पाठी तो पावसाळा होऊन येतो. पूर आल्याची बातमी आली की मी आधी विचारतो, कुडपणच्या वाटेवर माणूस गेला का? दोनदा साकव वाहून गेला. माणूस गेला नाही. अजून गेला नाही, एवढंच मला म्हणता येतं.

वामनराव निवृत्त झाले. गेल्या महिन्यात आजारी आहेत कळलं, म्हणून मी भेटायला गेलो. काकू, तुम्ही आम्हाला पेज आणून दिलीत, आठवतं? तुम्ही आत गेलात आणि त्यांनी डोळे उघडून विचारलं, "त्या आक्षेपाचं उत्तर गेलं का?" मी म्हटलं, "अजून नाही." ते म्हणाले, "द्या." मग डोळे मिटले.

ते गेल्याचं कळलं तेव्हा, काकू, क्षमा करा, मला आधी हायसं वाटलं. आता कोण विचारणार! त्या दिवशी मी पोटभर जेवलो. आणि दुसऱ्या दिवसापासून भीती दुप्पट झाली. ते होते तोवर, उद्या सांगू, असं मला म्हणता येत होतं.

आज आत येताना दाराशी कोण उभं आहे ते मी पाहिलं. धोंडूदादा. कशेडी घाटात दरड कोसळली की माती उपसायला रोजावर जातात. आजचा रोज बुडवून आलेत. मी म्हटलं, "तुम्ही कसे?" तर म्हणाले, "माझ्या बाजूनं इचारनारा योक तोच मानूस व्हता. यायला नको?"

मंडळी, खुंटी मी हलवली.

मी. हलवली. धोंडूदादांचा त्यात काडीचा दोष नाही. हेच या कागदावर लिहिलंय, खाली सही केलीय. उद्या सकाळी हा कचेरीत देणार आहे. पुढच्या महिन्यात मी हेडक्लार्क होणार होतो. आता काय होईल ठाऊक नाही. घरी अजून सांगितलेलं नाही. पण तुम्ही इतक्या जणांनी ऐकलंत, आता मला माघार नाही.

वामनराव, उत्तराला फार उशीर झाला. तेवढा शेरा जरूर मारा.

आता त्यांच्यासाठी आपण सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू. धोंडूदादा, तुम्ही पुढे या आणि इथे माझ्या खुर्चीवर बसा. तुम्ही उठू नका. इतकी वर्षं तुम्हीच उभे होतात.