सोड्यातलं हेड

रशीदचाचांनी गॅरेज का सोडलं, विचारता ना? वीस वर्षं त्यांच्या हाताखाली होतो मी, केडगावला. ॲल्युमिनियम खरवडायला लोखंडी पत्रीसुद्धा लावू द्यायचे नाहीत. "लाकडानं खरवड. आन कॉस्टिक सोड्यात घालू नको, सोडा खातो त्याला!" हे रोजचं.

अलीकडे मात्र लई विसरायचे. एकदा मी जेवून आलो, तर गिऱ्हाइकाच्या इंजिनाचं ॲल्युमिनियमचं हेड सोड्याच्या टबात फसफसतंय. गॅरेजात चाचा एकटेच.

"कुनी टाकलं हे?" ते ओरडले.

"मीच, चाचा. चुकलं."

शिवी द्यायला तोंड उघडलं त्यांनी, आणि तसेच थांबले. स्वतःच्या लालबुंद तळव्यांकडे बघत राहिले.

"मग हात माझे कसे भाजले रे?"