मोतीबिंदूचा गॉगल

...वास होता हो त्याला! तुम्हाला सांगते, तपकिरीचा वास, त्याच्याखाली खोबरेल तेलाचा, आणि त्याच्याही खाली कसला, याचा मी विचारच केला नाही, कारण तो गॉगल माझ्या नाकावर होता आणि सासूबाई समोर उभ्या राहून म्हणत होत्या, कसा छान बसला बघ. मी नवी. मी गप्प.

मुळात मला हवं काय होतं? सायकलवर घालायला नंबरचा चष्मा. नंबर पाच. भाट्याहून रत्नागिरीत एका वकिलांकडे टायपिंगला जाते, तेव्हा सायकलनं जायचे, दिवसातली तेवढीच वीस मिनिटं माझी स्वतःची. पण पुलावर खाडीचा वारा असा लागतो की डोळ्यांत पाणी, पाण्यात रेती, आणि घामानं चष्मा घसरत घसरत नाकाच्या शेंड्यावर... एक दिवस तशीच एका गाईवर... जाऊ दे, गाईला काही झालं नाही. सासूबाईंनी मात्र जाहीर केलं, आणखी एकदा पडलीस की सायकल माळ्यावर, मग सासऱ्यांच्या स्कूटरवर मागे बसून जायचं. सासरे स्कूटर चालवतात ना, तेव्हा चालणारी माणसं पुढे निघून जातात!

गेलो दुकानात, मी आणि सासूबाई. दुकानदार म्हणाला, ते सायकलवाले घालतात तसल्या वाकड्या काचेत पाचचा नंबर बसत नाही, आत वेगळी फ्रेम लागते, सात हजार. नाहीतर ही साधी घ्या, मागे पट्टा आहे, नंबरासकट अठराशे. घालून बघितली. मान झटकली, हलली नाही हो! मला रडूच यायचं बाकी होतं. आणि सासूबाई त्याला काय म्हणतात?

"घरात आहे की गॉगल. ह्यांच्या मोतीबिंदूच्या वेळचा."

आणि चालायला लागल्या. मी मागून. मी नवी ना. मी गप्प.

तो काळा गॉगल माहितेय ना, बाजूनं बंद, डोळ्यांवर झाकण ठेवल्यासारखा? तो माझ्या चष्म्यावरून. एका नाकावर दोन! आत वाफ, वाफेत तपकीर... शी! आणि खरी किळस कशाची आली सांगू? वारा लागत नव्हता. चांगला होता मेला!

पण रस्ता मला दिसला तशी मीही रस्त्याला दिसले. तिसऱ्या दिवशी शेजारच्या काशीकाकू शहाळं घेऊन दारात. "गो बाय, एवढ्याशा वयात मोतीबिंदू?" मग आवाज खाली, म्हणजे मला नीट ऐकू येईल एवढाच खाली, सासूबाईंना विचारलं, माहेरच्यांनी लग्नाआधी सांगितलं होतं, की फसवलं?

आता खरं सांगायचं किती सोपं होतं! पण मग अठराशे वाचवायला सुनेला सासऱ्यांचा गॉगल घातला, हेही सांगावं लागलं असतं. सासूबाईंनी क्षणभर माझ्याकडे बघितलं.

"फसवतायत कसले? आम्हीच करून घेतलं तिचं ऑपरेशन. ऐपत आहे आमची."

आणि मी? गप्प.

नवरा बोटीवर असतो. फोनवर हे सगळं ऐकून आधी हसला, मग अठराशे पाठवले. आला चष्मा. कपाटात आहे. कारण ऑपरेशन झालेल्या बाईनं सायकल कशी चालवायची, नाही का? सायकल माळ्यावर, मी स्कूटरवर मागे, डोळ्यांवर तोच काळा गॉगल, आणि चालणारी माणसं पुढे जाता जाता माझ्या तब्येतीची चौकशी करतात.

काल काशीकाकूंनी विचारलं, दुसऱ्या डोळ्याचं कधी? म्हटलं, आता मात्र बोलायचंच. तोंड उघडलं, तोवर सासूबाई मुहूर्त सांगून मोकळ्या.

शिमगा झाला की.