रंगनाथाचा मुरगळलेला पाय

मंडळी, ऐका! आपल्या गळ्यात हार पडला की कसं वागायचं, हे कुणाला शिकवावं लागत नाही. मान आपोआप पुढं जाते! पण तोच हार दुसऱ्याच्या गळ्यात पडला तर? तेव्हा कसं वागावं? सांगा की! — गप्प बसलात. म्हणजे अनुभव सगळ्यांना आहे!

तर खडकमाळ नावाचं गाव. तिथला रंगनाथ सांगळे, देशातला नामी चालणारा! आता मागून कुणी म्हणेल, "महाराज, चालतो तर आमचा बैलसुद्धा." अहो, चालण्याची शर्यत असते! मोठा नियम असा की पळायचं नाही. एक तरी पाय जमिनीला टेकलेला हवा. दोन्ही उचलले की बाद! त्यामुळं घाईनं चालताना कंबर हलते अशी — मृदंगवाले, जरा वाजवा — अशी! अश्शी! हसू नका, याच कंबरेला सुवर्णपदक मिळतं!

राष्ट्रीय स्पर्धा होती. जो पहिला येईल, तो आशियाई स्पर्धेला जाणार. शेवटचा फेरा. रंगनाथ सगळ्यांच्या पुढं, आणि मागं गडचिरोलीचा देवाजी मडावी. पावलं जवळ आली — टप, टप, टप! रंगनाथाचा जीव घाबरला. आणि घाबरलेला माणूस काय करतो? पळतो! दोन्ही पाय अधांतरी! पंचांनी आधी ताकीद दिलेलीच होती. आता लाल पाटी. बाद!

देवाजी पहिला आला.

रंगनाथ कडेला उभा. वर्षानुवर्षं पहाटे उठून तुडवलेला रस्ता एका पाटीत गेला हो! मनात पहिला विचार आला, 'पंच तिरळा आहे.' दुसरा आला, 'देवाजीचेही उचलले असणार.' आणि तिसरा — 'गावात काय सांगू?' तेवढ्यात सरपंचांचा फोन. "रंगनाथ, काय झालं रे?" आणि ह्याच्या तोंडून निघून गेलं, "पाय मुरगळला!"

झालं! गाव स्टँडवर हजर. "पाय गेला तरी गडी लढला!" खांद्यावर घेऊन मिरवला. पेपरात बातमी आली. सत्कार ठरला. आई चंद्राबाईनं आंबेहळद उगाळून लेप लावला, वर रुईचं पान, वर चिंधी. आता लंगडणं आलं! रंगनाथ सकाळी डाव्या पायानं लंगडायचा, संध्याकाळी उजव्या. आई म्हणाली, "मुडद्या, तुझं दुखणं फिरतीवर असतं काय?"

सत्काराचा दिवस. मंडप भरला. सरपंच हार घेऊन उठले आणि मंडपात शिरला कोण? देवाजी मडावी! एसट्या बदलत बदलत आलेला, हातात मोहफुलांच्या लाडवांची पिशवी. रंगनाथाला वाटलं, 'आता हा सगळं सांगणार.'

पण देवाजी व्यासपीठावर आला, खाली बसला आणि चिंधी बांधलेला पाय त्यानं मांडीवर घेतला.

"काहून सांगितलं नाही बापा? पेपरात वाचलं तवा समजलं. पाय दुखत होता म्हणूनच उचलला गेला असन. दुखऱ्या पायानं तू माह्या पुढं होता! नीट असता, तर मी कायचा पहिला?" मग हळूच म्हणाला, "ते पदक मले घालावंसं वाटत नाही, भाऊ. डब्यात ठेवलं हाय."

मंडळी, लाल पाटीनं बसला नव्हता, असा हा घाव बसला! आपण खोटं बोललो ते आपली लाज झाकायला, आणि चोरला गेला देवाजीचा आनंद! रंगनाथ उठला. दोन्ही पायांवर! चिंधी मागं लोंबतेय. माईक धरला.

"पाय मुरगळलाच नव्हता. मी घाबरून पळालो. पंचांनी बरोबर बाद केलं. देवाजी माझ्याहून चांगला चालला."

सरपंचांचा हार हवेतच! घालावा कुणाला? रंगनाथानं तो घेतला आणि देवाजीच्या गळ्यात घातला.

"म्हंजे मी खरंच जिंकलो?"

"खरंच रे!"

देवाजीनं अशी उडी मारली की दोन्ही पाय वीतभर वर! आणि चंद्राबाई पहिल्या रांगेतून ओरडली, "माझी आंबेहळद भरून दे आधी!" गाव हसून लोटपोट. हसले ते रंगनाथाला, पण त्यालाही हसू फुटलं. छातीवरचा धोंडा उतरला होता ना!

दुसऱ्या दिवशी पहाटे दोघं गावातून चालायला निघाले. कंबरा अशा, मागं कुत्री अशी! आणि आशियाई स्पर्धेच्या दिवशी टीव्हीपुढं रंगनाथ असा ओरडला की घसा बसला. देवाजीचा तिथं पाचवा नंबर आला. तो फोनवर म्हणाला, "पुढचे चारही लय मस्त चालले, भाऊ!"

आता रंगनाथाला सोडा, तुमचं बोला! भजनस्पर्धेत दुसरे आलात, तेव्हा पेटीच बिघडली होती ना? शेजारणीची पुरणपोळी मऊ झाली, तर तिची डाळच चांगली, होय ना? अहो, हरलो म्हणायला जीभ जड होते. पण समोरचा छान खेळला, एवढं म्हणून बघा, जीव हलका होतो. चला, ज्यानं तुम्हाला हरवलं, त्याला मनात आणा. आणलं? आता त्याच्यासाठी टाळी! — अशी नको, मनापासून! ही टाळी देवाला आपल्या भजनाच्याही आधी ऐकू जाते. बोला, विठ्ठल! विठ्ठल!